मैफलीचा कर्ता : विद्यार्थी-स्वयंसेवकाच्या भूमिकेचा विचार

'मैफल' ह्या नामाबरोबर मराठीत जी क्रियापदे योजली जातात त्यांची विभागणी मोठी सूचक आहे. गवई मैफल 'करतो', आणि ती विशेष गाजली तर 'मारतो'. यजमान मैफल 'ठेवतो'. संस्था ती 'भरवते' किंवा, अलीकडील कागदी भाषेत, 'आयोजित करते'. आणि इतके सारे झाल्यावर मैफल मात्र आपल्या आपण 'जमते' व 'रंगते'. मूळ अरबी शब्दाच्या धातूतही एकत्र येण्याचाच अर्थ आहे. तेव्हा 'जमणे' ह्या क्रियापदाशी त्याचे सख्य जुळावे हे स्वाभाविकच होय. परंतु 'जमणे' हे अकर्मक आहे. मैफल जमली असे म्हणताना ती कोणी जमवली हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर राहत नाही. श्रोते जमले, सूर जमला, मैफल जमली: तिन्ही ठिकाणी जमवणारा वाक्याबाहेर उभा आहे.

हा बाहेर उभा राहिलेला माणूस महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय कार्यक्रमांत बहुधा विद्यार्थी असतो. कलावंताला स्थानकावरून आणणे, सभागृहाची परवानगी काढणे, तंबोरे जपून व्यासपीठावर पोचवणे, ध्वनिवर्धकवाल्याशी घासाघीस करणे, दाराशी प्रवेशपत्रिका तपासणे, मध्यंतरातील चहा, शेवटी सतरंज्या व खुर्च्या: ह्या साखळीतील बहुतेक कड्या त्याच्या हाती असतात. संगीतशिक्षणाच्या मराठीतील चर्चेत गुरुशिष्यपरंपरा, स्वरलेखन, परीक्षापद्धती ह्या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ह्या साखळीवर मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. वस्तुतः विद्यार्थी तेथे काय करतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते करताना तो काय शिकतो, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे.

प्रश्नाचे उत्तर शोधण्यास कार्यक्रमांचे अहवाल हे चांगले साधन ठरते. अशा अहवालांची वाक्ये इतकी ठरीव असतात की ती कोठलीही उचलली तरी चालतात. 'आसनव्यवस्था करण्यात आली होती.' 'विद्यार्थ्यांचे मोलाचे सहकार्य लाभले.' 'कार्यक्रम यशस्वी करण्यासाठी विद्यार्थ्यांनी परिश्रम घेतले.' पहिल्या वाक्यात कर्ता नाहीच. 'करण्यात येणे' ही रचना मराठी कारभाराने कर्त्याला झाकण्यासाठीच जणू घडवली आहे. दुसऱ्या वाक्यात विद्यार्थी आहे, पण षष्ठीत. लाभते ते सहकार्य, आणि ते लाभते संस्थेला. सहकार्य हा शब्दही नीट पाहण्यासारखा आहे. कार्य दुसऱ्याचे असेल तरच त्याला सहकार्य करता येते. तिसऱ्या वाक्यात विद्यार्थ्याला कर्त्याचा प्रत्यय मिळाला आहे हे खरे, आणि एवढ्यावरून त्याला न्याय मिळाला असा समज होण्याचा संभव आहे. परंतु तो कशाचा कर्ता? परिश्रमांचा. कार्यक्रम 'यशस्वी करणे' हे प्रयोजन म्हणून चतुर्थीच्या वळचणीला गेले आहे, आणि मुख्य क्रियापदाच्या वाट्याला केवळ कष्ट आले आहेत. 'विद्यार्थ्यांनी ही मैफल केली' हे साधे, सरळ वाक्य मराठीत पूर्ण शुद्ध असूनही अहवालात सहसा आढळत नाही.

हा शब्दच्छल आहे असा आक्षेप येईल. पण व्याकरणाने कर्तृत्वाचा विचार केवळ प्रत्ययाच्या अंगाने केलेला नाही. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना स्वातंत्र्य हेच गमक मानले. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र म्हणून विवक्षित आहे तो कर्ता. त्याच्या लगतच त्याने प्रयोजकाचाही विचार केला: कर्त्याला प्रवृत्त करणारा जो, तोही कर्ता, आणि त्याला हेतू अशी आणखी एक संज्ञा. मराठीत हा भेद 'करणे', 'करवणे' आणि 'करून घेणे' ह्या रूपांनी रोजच्या बोलण्यात वावरतो. 'मुलांकडून कामे करून घेतली' ह्या वाक्यात मुलांना लागलेला 'कडून' हा प्रत्यय त्यांचे स्थान अचूक दाखवतो. ते करणारे आहेत, पण ठरवणारे नव्हेत. तेव्हा विद्यार्थी मैफलीत नुसता राबतो की तिचा कर्ता असतो, ह्याची परीक्षा दोन प्रश्नांनी करता येईल: त्याला काही ठरवण्याचा अधिकार आहे काय, आणि ज्या कलेसाठी हा खटाटोप चालला आहे तिच्यापर्यंत त्याचा कान पोचतो काय.

त्याला दिली जाणारी नावेही ह्या परीक्षेत घ्यावी लागतात. 'स्वयंसेवक' हा संस्कृत घटकांचा समास इंग्रजी शब्दाला पर्याय म्हणून सार्वजनिक सभा-परिषदांच्या काळात रूढ झाला. त्यात 'स्वयम्' हे पद मोलाचे होते. आपण होऊन आलेला, कोणी न बोलावता आलेला. पण व्यवहारात समासाचे दुसरे पद बलवत्तर ठरले. महाविद्यालयांच्या भाषेत 'सेवक' म्हणजे शिक्षकेतर कर्मचारी. आणि ज्याला हजेरीपटावरून नाव वाचून कामास लावले जाते त्याच्या बाबतीत 'स्वयम्' हे पद निव्वळ शोभेचे उरते. 'कार्यकर्ता' ह्या शब्दात कर्ता प्रत्यक्ष नांदतो, म्हणून तो अधिक मानाचा ठरावा. पण सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता ह्या वाक्प्रचाराने राजकारणातून त्याचीही प्रतिष्ठा हिरावून घेतली. आजचा विद्यार्थी स्वतःला 'व्हॉलंटियर' किंवा, थोडा वरचा असल्यास, 'कोऑर्डिनेटर' म्हणवतो. शब्द परका आहे म्हणून नाक मुरडण्यापेक्षा तो का घेतला गेला हे पाहावे. आपल्या भाषेतील दोन्ही शब्द हलके पडले, तेव्हा मुलांनी तिसरा शोधला.

ह्या साऱ्या विवेचनास नाशिकचा आधार मिळतो तो पं. विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांच्यामुळे. विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी. १८९६ साली मिरज सोडल्यावर ते उत्तरेकडे फिरत गेले. राजाच्या बिदागीवर न विसंबता तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायकांत त्यांची गणना होते. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईस शाखा काढली. तिकिटाची मैफल ही घटना संगीताच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, पण तिचा एक परिणाम सांगायचा राहून जातो. दरबारात मैफलीची व्यवस्था दरबाराचे नोकर पाहत. तिकीट आले तेव्हा तिकीट छापणारा, विकणारा, दारात उभा राहणारा, गल्ल्याचा हिशेब ठेवणारा माणूस लागू लागला, आणि गायकाजवळ दरबार नव्हता. त्याच्याजवळ शिष्य होते.

महाविद्यालयात 'उपदेशक' म्हणून तयार होणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्ग होता. संस्थेने त्यांचा राहण्याजेवणाचा भार उचलावा आणि त्यांनी दीर्घ मुदतीने बांधून घेऊन शिकावे व पुढे शिकवावे, अशी ती योजना. संस्थेचा स्वतःचा छापखाना होता, वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना होता, क्रमिक पुस्तके व नियतकालिक निघत असे. दौऱ्यावर गुरूबरोबर शिष्य जात. ते मागे तंबोऱ्यावर बसत, गळ्याने साथ करीत, समूहगायन करीत. मैफलीमागचे काम आणि मैफलीतील काम ह्यांच्यामध्ये येथे भिंत नव्हती. ज्याने तंबोरा गाडीतून उतरवला त्यानेच तो जुळवला, आणि ज्याने जुळवला तोच त्याच्यामागे बसून दोन-तीन तास गुरूचा सूर जवळून ऐकत राहिला. तंबोरा उतरवणे हे हमालीचे काम खरे; पण घोडी सरकली, जवारी बिघडली, तार उतरली ह्याचे पहिले ज्ञान त्या हमालीतच होते. आजच्या परिभाषेत ज्याला कलाव्यवस्थापन म्हणतात ते येथे संगीताच्या पोटातच होते, त्याला वेगळे नाव नव्हते.

वर सांगितलेल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर येथे निःसंशय होकारार्थी मिळते. पहिल्याचे तसे मिळत नाही. मैफल कोठे घ्यावयाची, पैसा कशात घालावयाचा, इमारत बांधावयाची की नाही, हे सारे गुरु ठरवी. मुंबईच्या सँडहर्स्ट रस्त्यावरील महाविद्यालयाची वास्तू कर्ज काढून उभी राहिली, दौऱ्यांच्या मिळकतीतून ते फेडण्याची धडपड झाली, आणि अखेर कर्जापायी ती हातची गेली. ज्या तरुणांचे आयुष्य त्या संस्थेशी मुदतीने बांधले होते त्यांचा त्या निर्णयात वाटा नव्हता. शिष्यांनी गुरूविषयी लिहिलेल्या चरित्रपर लेखनात हा प्रसंग गुरूच्या त्यागाची कथा म्हणून येतो. तो त्यागच होता ह्यात शंका नाही. जानकी बखले ह्यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भातखंडे व पलुस्कर ह्यांचा एकत्र विचार करताना पलुस्करांच्या संस्थेतील भक्ती, शिस्त आणि राष्ट्रवाद ह्यांची गुंफण उलगडून दाखवली आहे, आणि त्या टीकेने पूर्वीच्या श्रद्धाळू लेखनाचा तोल सावरला हे मान्य करावे लागते. तथापि शिस्तीकडे केवळ नियंत्रण म्हणून पाहिले की त्या शिस्तीतून शिष्याच्या अंगी काय आले हा प्रश्न दृष्टीआड होतो. भक्तांना गुरु दिसला, टीकाकारांना विचारसरणी दिसली. तंबोरा उचलणारा मुलगा दोघांच्याही नजरेतून काहीसा निसटला.

त्याच्या अंगी काय आले ते पुढच्या पिढीच्या चरित्रांवरून कळते. विष्णु दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. एका व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या कार्याला त्यांनी मंडळाचे, म्हणजे सामुदायिक निर्णयाचे रूप दिले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. बा. र. देवधरांनी मुंबईत गुरूच्या हयातीतच, १९२५ साली, आपले विद्यालय सुरू केले होते. पुढे मंडळाच्या 'संगीत कला विहार' ह्या मासिकाचे संपादनही त्यांनी दीर्घकाळ केले. शंकरराव व नारायणराव व्यास ह्या बंधूंनी दादरला व्यास संगीत विद्यालय चालवले. ओंकारनाथ ठाकुरांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९५० साली संगीताच्या शिक्षणाची धुरा घेतली. एकाच गुरूचे इतके शिष्य उत्तम गायक व्हावेत ह्याचे नवल नाही. तसे इतर घराण्यांतही घडले आहे. त्यांतील इतक्या जणांना संस्था चालवता यावी, हे मात्र विशेष आहे. रागाबरोबर हिशेबाची वहीही त्यांच्याकडे आली होती. अधिकार नसलेल्या कामातूनही हे शिक्षण झाले, कारण ते काम कलेच्या निकट होते. आणि अधिकार हाती येताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती मंडळ बनवण्याची, ह्यात जुन्या व्यवस्थेवरचे एक न बोललेले भाष्य वाचावयास हरकत नाही.

नाशिकचा अध्याय ह्या दोन टोकांच्या मध्ये येतो. आयुष्याच्या उत्तरार्धात विष्णु दिगंबरांचे मन रामभक्तीकडे वळले आणि पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. मुंबईच्या संस्थेतील वर्ग, वेळापत्रके व पदवीदानसमारंभ ह्यांच्या मानाने हे पुन्हा गुरुगृहाकडे जाणे होते. तुळसीदासांच्या रामायणाचे सांगीतिक निरूपण हा त्यांचा मुख्य उद्योग झाला. तिकीट मागे पडले, आणि त्याबरोबर तिकिटाने निर्माण केलेली कामेही. निरूपणात शिष्य साथीला असतो, धृपद उचलतो, श्रोत्यांना आपल्यामागे गायला लावतो. तेथे श्रोता आणि व्यवस्थापक ह्यांच्यामधला तो दुवा आहे. त्याचे काम आवाजाचेच आहे. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर ह्यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. वडील गेले तेव्हा ते अवघे १० वर्षांचे होते. पुढील शिक्षण चिंतामणराव पलुस्कर, विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास ह्यांच्याकडे झाले. गुरूच्या पुत्राला गुरूच्या शिष्यांनी घडवावे, ही घटना व्यवस्थेचे हस्तांतर किती पूर्ण झाले होते ह्याची साक्ष देते.

शिष्याने मैफलीचा कर्ता होण्याचे सर्वांत ठळक उदाहरण अर्थात पुण्याचे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तल्यावर १९५३ पासून त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संगीत महोत्सव सुरू झाला आणि त्याची सूत्रे शिष्य भीमसेन जोशी ह्यांनी हाती घेतली. परंतु ते तेव्हा नामांकित गायक होते. विद्यार्थ्याच्या भूमिकेचा विचार करताना ह्या उदाहरणावर फार भार टाकता येत नाही.

त्याहून निकटचे उदाहरण संगीतविद्यालयाबाहेरचे आहे. १९७७ मध्ये दिल्लीच्या भारतीय तंत्रशिक्षण संस्थेत किरण सेठ ह्यांनी सुरू केलेली 'स्पिक मॅके' ही चळवळ विद्यार्थ्यांच्या खांद्यांवर चालत आली. कलावंत महाविद्यालयात येतो, मुलांसमोर गातो आणि बोलतो. त्याला आणण्यापासून निरोप देईपर्यंतची कामे बहुतांशी विद्यार्थीच करतात. तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्याला गायक व्हावयाचे नसते, म्हणून पलुस्करांच्या शिष्याशी त्याची तुलना सर्वांशी होणार नाही. तरी एक धागा समान आहे. प्रवासात, जेवणाच्या पानावर, रंगमंचामागे त्याला कलावंताचा सहवास मिळतो, आणि कार्यक्रम कोणाचा ठेवावयाचा ह्या चर्चेत त्याला शब्द असतो. ह्याच संस्थेने विद्यार्थ्याला महिनाभर एखाद्या गुरूच्या घरी पाठवण्याची शिष्यवृत्तीही चालवली. घराण्याच्या बाहेरच्या माणसाला घराण्याच्या ओसरीपर्यंत नेण्याची ही रीत होय. ओसरीच्या आत तो जात नाही, पण दारातच ताटकळतही नाही.

विद्यापीठांनी मात्र ह्या कामाची गणना तासांत केली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून विद्यार्थ्याच्या सेवेचे माप वर्षाला १२० तास असे ठरले. ग्रामस्वच्छतेला किंवा वृक्षारोपणाला हे माप कसेबसे पुरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील श्रेयांकरचनेत प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प, सांस्कृतिक उपक्रम ह्यांना जागा मिळाली, आणि मैफलीच्या व्यवस्थेचे काम प्रथमच अभ्यासक्रमात अधिकृतपणे शिरण्याजोगी वाट झाली. वाट चांगली आहे. धोका मापाचा आहे. तीन तास वाहनतळावर उभा राहिलेला विद्यार्थी आणि तीन तास तंबोऱ्यामागे बसलेला विद्यार्थी ह्यांची बेरीज तासांच्या वहीत सारखीच येते. वाहनतळावर कोणी उभे राहू नये असे नव्हे. गोदाकाठी किंवा पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटे उघड्यावर मैफल होते तेव्हा आदल्या रात्रीपासून माणसे लागतात, आणि त्यांतील काहींना गाणे ऐकू येणार नाही हे गृहीतच असते. पण तीच मुले दर वेळी बाहेर आणि तीच मुले दर वेळी आत, अशी विभागणी झाली की काम शिक्षण राहत नाही, बिगार होते. मुलींच्या बाबतीत ही विभागणी आणखी ठरीव असते: रांगोळी, औक्षण, पुष्पगुच्छ आणि सूत्रसंचालन. हिशेब व ध्वनियंत्रणा त्यांच्या वाट्याला अपवादानेच येतात, आणि त्याचे कारण विचारले तर कोणालाही सांगता येत नाही.

पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे, आणि गावात १९८७ पासून महाकवी कालिदास कलामंदिर. त्यांत होणाऱ्या कोणत्याही मैफलीची छापील पत्रिका पाहावी. मुख्य कलावंत, तबला, संवादिनी, आणि शेवटच्या ओळीत तंबोऱ्याची साथ करणाऱ्या दोघांची नावे. ही नावे बहुधा विद्यार्थ्यांची असतात, आणि ती प्रथमा विभक्तीत छापलेली असतात. एवढ्या एका ओळीत जुन्या व्यवस्थेचा शिष्य अजून शाबूत आहे. त्या दिवशी तिकिटे कोणी विकली, कलावंताच्या मानधनाचा आकडा कोणी ठरवला, ध्वनियंत्रणेवर कोण बसले होते, ह्यांच्या ओळी पत्रिकेत नसतात. संगीतविभागाने श्रेयांकासाठी विद्यार्थ्याकडून तासांचा दाखला मागण्याऐवजी ह्या ओळी छापलेली पत्रिका आणि त्याच्या सहीचा जमाखर्च मागावा. जमाखर्चात तूट आली असेल, तर ती कशी आली हे तोंडी परीक्षेत विचारता येईल.